जामीन कोण राहील?

मनुष्य अपराध का करतो, या प्रश्नाचा उलगडा करण्यात न्यायाधीश आणि धर्मोपदेशक यांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. परंतु गरज, संधी आणि क्रोध ही तिन्ही ज्यांच्या वाट्याला वारंवार येतात अशी असंख्य माणसे आयुष्यभर कायद्याची मर्यादा ओलांडीत नाहीत, ती कशाच्या बळावर, हा प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतो. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६९ साली तोच प्रश्न घेऊन असे प्रतिपादन केले की, आप्तांविषयीची ओढ, भवितव्याची चिंता, नित्याचे उद्योग आणि नियमांवरील श्रद्धा या बंधांनी माणूस आवरला जातो. पुढे १९९० साली मायकेल गॉटफ्रेडसन यांच्यासमवेत लिहिताना मात्र त्याने सारा भर बालपणी आईबापांच्या देखरेखीत घडणाऱ्या आत्मसंयमावर दिला. अभ्यासक या दोन मतांत भेद पाहतात. मला पहिल्यावाचून दुसरे संभवतच नाही असे वाटते.

आपल्याकडे इंद्रियनिग्रह ही एकान्तात साधावयाची सिद्धी आहे असा समज फार रूढ आहे. पण मनुष्य इच्छा नसताही पापाकडे का ओढला जातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, तेव्हा तो गुहेत बसलेला नसतो; विचारता येईल असा सखा त्याच्या रथावर असतो, आणि काम-क्रोधांची ओळख त्याला त्या सख्याकडून होते. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात सहबंदीजनांपुढे गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेथेही संयमाचे शास्त्र भिंतीआड एकत्र बसूनच शिकले गेले.

या विचाराची खरी कसोटी औंध संस्थानाने पाहिली. भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले, आणि गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तेथे तटबंदीवाचून, हाती जमीन देऊन, बायकामुलांसह राहू देण्याची तजवीज झाली. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून निघाला, व त्याची कथा लिहिणाऱ्या ग. दि. माडगूळकरांचे माडगूळेही त्याच परिसरातले. चित्रपटात सहा कैद्यांना आवरतात ते एका तुरुंगाधिकाऱ्याचे डोळे. तो परिणाम विलक्षण आहे, यात शंका नाही. तथापि प्रत्यक्ष स्वतंत्रपूर मला त्याहून सत्य वाटते, कारण तेथे माणूस एका महात्म्याच्या नजरेवर अवलंबून नव्हता. घरातली चूल, शाळेत जाणारे मूल, पेरलेले शेत आणि शेजारच्या कैद्याची अब्रू या सर्वांना तो बांधलेला होता, आणि पळून जाणे म्हणजे हे सारे आपल्या हाताने मोडणे होते.

याच्या नेमके उलट इंग्रजी अमलाने केले. १८७१च्या कायद्याने संबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि त्यांना चौकीवर हजेरी द्यावयास लावली. हा कायदा १९५२ साली देशभरातून रद्द झाला, पण ज्याच्या शब्दाला कोठेच किंमत नाही त्याने तो शब्द पाळावा कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या राजवटीने कधी दिले नाही.

बंध हे सर्वदा कल्याणकारक असतात असे मात्र मी म्हणणार नाही. जातपंचायतींच्या जुलमापायी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तेथे बंधच अपराध करवीत होता. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत, ठाण्याच्या घोडबंदर रोडलगतच्या कासारवडवलीत एका माणसाने आपल्याच घरातल्या चौदा जणांचा प्राण घेऊन आत्मघात केला. त्या मनाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण नात्यांची संख्या मोजून कोणी निर्धास्त राहू नये. घर भरलेले असूनही आतली तगमग कोणापाशी बोलता येत नसेल, तर रथावर सारथी नाहीच.

त्याच घोडबंदर रोडने माजिवड्याकडून गायमुखाकडे जाताना मानपाडा, वाघबीळ, ओवळे ही जुनी गावठाणे उत्तुंग इमारतींच्या मध्ये आजही दिसतात. गावठाणात पोरगा कोणाचा हे आगरी म्हातारीला सांगावे लागत नाही. इमारतीत त्याच्यासाठी नोंदवही आणि कॅमेरा आहे. कॅमेरा पंचनाम्याला उपयोगी पडतो, हे खरे. पण ज्या प्रवेशद्वाराशी तो लावला आहे तेथे रात्रभर उभा राहणारा परप्रांतीय तरुण रहिवाशांना केवळ गणवेशाने ठाऊक असतो, आणि कंत्राटदाराने उद्या दुसरा पाठविला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा तरुणावर, दोषी असो वा निर्दोष, फिर्याद झाली आणि न्यायालयाने जामीन मंजूर केला, तरी या मुलखात ज्याचा पत्ता आहे असा जामीनदार न मिळाल्यास ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातील कारागृहात त्याचा मुक्काम लांबू शकतो. जामीन राहणारा म्हणजे, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, तो पळून जाणार नाही, असे हमीपत्रावर लिहून देणारा. फौजदारी कायद्यालाही अखेर याच बंधाचा आधार घ्यावा लागतो. म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत कॅमेऱ्यांच्या खर्चाला मंजुरी देताना, रखवालदारांची नावे आणि गावे सभासदांना ठाऊक आहेत काय, व त्यांच्यावर प्रसंग आल्यास जामीन राहण्यास कोण तयार आहे, हा विषयही कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी माझी विनंती आहे.