बटणाआधीचा कान

शहापूर-मुरबाडकडे हळद ठरली की डीजेवाल्याशी बोलणी होतात ती बेस किती, टॉप किती, जनरेटर कोणाचा आणि गाडी किती वाजता लागणार यांची. मिक्सरमागे कोण उभा राहणार, हे सहसा कोणी विचारत नाही. बेंजो पार्टी ठरवताना असं नव्हतं. बेंजोवर कोणाचा हात आहे, ढोलकीला कोण बसतो, यावर सुपारीचा आकडा वरखाली व्हायचा. आता वाजवणारं यंत्र आहे आणि माणूस फक्त गाणं लावतो, असं सगळ्यांनी धरून चाललंय. त्या माणसानेही.

मला हे धरून चालणं मान्य नाही. वाजत्या गाण्याच्या ठेक्यावर पुढच्या गाण्याचा ठेका कानाने आणून बसवणं, म्हणजे बीटमॅचिंग, ही शिकावी लागणारी विद्या आहे. यंत्र ती करून देतं म्हणून ती फुकट ठरत नाही, निदान आपल्याकडे जी गाणी वाजतात त्यांच्या बाबतीत तरी नाही.

आधी हिशेब बघू. लोकांसमोर मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं चालू आहे. पुढचं गाणं ऑपरेटर हेडफोनमध्ये एका कानाने ऐकतोय, ते १२१ ठोक्यांचं. दोन्ही एका क्षणी, पहिल्या ठोक्यावर सुरू केली, तरी अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या ठोक्याने फाटतात; एकाचा ठोका पडतो तिथे दुसऱ्याचा रिकामा भाग येतो. पण इतका वेळ जाण्याआधीच कानाला खटकू लागतं. दोन ठोक्यांत सुमारे ३० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की एकाचे दोन ऐकू येतात, आणि इथे तेवढं अंतर पडायला जेमतेम चार सेकंद पुरतात. फरक १ ऐवजी ०.१ ठेवला तरी साधारण ३६ सेकंदांनी तेच. म्हणजे बीट ‘मिळाली’ म्हणून हात काढून घेता येत नाही. मिळालेली धरून ठेवावी लागते.

नवशिक्याची पहिली अडचण वेगळीच असते. काहीतरी बिघडलंय हे त्याला लवकर कळतं. पुढचं गाणं पुढे पळतंय की मागे रेंगाळतंय, हे मात्र कळत नाही. चूक ऐकू येते, चुकीची दिशा ऐकू येत नाही. तो वेग कमीजास्त करणारी पिचची पट्टी वर सरकवतो, आणखी बिघडतं. घाबरून खाली आणतो, तोवर आधीची जागाही हरवलेली असते. बहुतेक जण इथेच सोडतात. आपल्याला कानच नाही, असं ठरवून मोकळे होतात. खरं तर उपाय अगदी साधा आहे: संशय आला की मुद्दाम एका बाजूला भरपूर ढकलायचं. जास्त बिघडलं तर दिशा उलटी होती. हे शंभरदा केल्यावर कान ढकलण्याआधीच दिशा सांगू लागतो. यात ज्याला प्रगती म्हणायची ती बाहेरून दिसत नाही. आधी सटकलेली बीट अर्ध्या मिनिटाने लक्षात यायची, मग दहा सेकंदांनी, मग तीन. घरच्यांना मात्र पोरगा तेच गाणं तासभर उगाळतोय एवढंच ऐकू येतं.

धीर धर, असं अशा मुलाला सगळेच सांगतात. नुसत्या धीराने काही होत नाही. पडद्यावरचे आकडे बघत दोन वर्षं काढली तरी कान होता तिथेच राहतो. मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला बैलबाजार भरतो, तिथे जोड घेणारा शेतकरी उभे बैल बघून पैसे देत नाही, चालवून बघतो. पडद्यावरचे १२० आणि १२० हे उभे बैल आहेत. म्हणून सरावाची पहिली अट, आकड्यांवर कागद चिकटवणे. दुसरी, एकच गाणं दोन्ही बाजूंना लावायचं, एकाची पट्टी डोळे मिटून कुठेही सरकवायची आणि पुन्हा जुळवायचं. जुळलं की दोन्ही आवाज एक होतात. तो क्षण इतका उघड असतो की कोणी सांगायची गरज लागत नाही. मग एकाच जातीची दोन वेगळी गाणी, आणि मग आपली गाणी. खरी गंमत तिथून सुरू होते.

त्यासाठी थोडं न्यूयॉर्कला जाऊन यावं लागेल. १९७०च्या सुमारास तिथल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत सँक्चुअरी नावाचा क्लब होता आणि फ्रान्सिस ग्रासो तिथे तबकड्या वाजवायचा. दोन तबकड्यांचे ठोके एकमेकांवर बसवून मधली फट नाहीशी करण्याचं तंत्र त्याच्या नावावर सांगितलं जातं. शिकागो बँडचं गाणं चालू असताना त्यावर लेड झेपेलिनचं चढवायचा. या तबकड्यांवर हाडामांसाचे ड्रमवादक होते. माणूस वाजवतो तेव्हा लय जरा वाढते, जरा ओसरते. कडव्याला दमाने चालते आणि धृपदाला उचलते. ग्रासोला एकदा जुळवून गप्प बसण्याची सोयच नव्हती. टेक्निक्सची एसएल-१२०० ही तबकडी-यंत्रणा १९७२ला आली आणि वेग आठ टक्के कमीजास्त करणारी सरकती पट्टी असलेली तिची दुसरी आवृत्ती १९७९ला. पाठोपाठ, १९८०च्या आगेमागे, रोलंड ८०८ आणि लिनची ड्रमयंत्रं आली आणि गाण्यांतली लय घड्याळासारखी सरळ झाली. मगच हे काम सोपं झालं आणि सोपं झाल्यावर बटणात घालता आलं. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आधीपासून होतं. २०१२ साली पायोनियरने ते क्लबांत चालणाऱ्या सीडीजे-२०००च्या नेक्सस आवृत्तीतही दिलं.

म्हणजे ही विद्या जन्मली ती डुलणाऱ्या लयीवर, आणि बटण बनलं ते सरळ लयीसाठी.

आता हळदीच्या रात्री काय वाजतं ते बघा. आज घरच्या लॅपटॉपवर बनलेली आगरी-कोळी रिमिक्स सरळ लयीची असतात, तिथे सिंक बिनचूक चालतं. पण रात्र चढली की म्हाताऱ्यांची फर्माईश येते: जुनं कोळीगीत, वेसावकर आणि मंडळींच्या काळातलं, नाहीतर कुठल्यातरी बेंजो पार्टीचं प्रत्यक्ष वाजताना केलेलं रेकॉर्डिंग. त्यात ढोलकीवाला माणूस आहे. सॉफ्टवेअर अशा गाण्यावर सहसा समान अंतराच्या रेघांची जाळी टाकतं आणि एक सरासरी आकडा सांगतं. गाणं त्या रेघांवर चालतच नाही. पहिल्या कडव्याला जुळलेली बीट तिसऱ्याला सटकते, आणि सिंकचा दिवा मात्र हिरवाच.

दुसरी अडचण त्याहून मोठी. कोळीगीतं बहुतांशी सहा मात्रांच्या चालीची असतात, ठोक्याच्या पोटात तीन तुकडे. हिंदी सिनेमातलं किंवा इलेक्ट्रॉनिक नाचगाणं चारात विभागलेलं. सॉफ्टवेअर अशा कोळीगीताचा वेग पुष्कळदा चुकीचा वाचतं. मुख्य ठोके १०० असताना १५० दाखवतं, कारण ते तिनाचे तुकडे दोनाच्या हिशेबाने मोजतं. १००चं हिंदी गाणं आणि १००चं कोळीगीत जुळवलंत तर मोठे ठोके एकत्र पडतील, पण आतले तीन आणि चार एकमेकांना चावतील. इथे वेग जुळवून भागत नाही. कोणाचं अंग कधी काढायचं, म्हणजे एकाचा वरचा खुळखुळाट आधी दाबून नुसता बेस ठेवायचा आणि मग दुसऱ्याला आत घ्यायचं, हे ठरवावं लागतं. बटणाला हे ठरवता येत नाही.

हे ज्याला लगेच कळेल असा मुलगा आपल्याकडे दुर्मीळ नाही. तो सप्ताहात पखवाजावर बसतो. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत वारकरी भजनाची परंपरा घट्ट आहे. आठ मात्रांचा भजनी ठेका आणि सहाचा दादरा यांतला फरक तिथे पोराला दहाव्या-बाराव्या वर्षीच हाताने कळतो. तिस्र आणि चतस्र ही नावं त्याने ऐकली नसतील, पण टाळकऱ्यांनी लय पळवली की ती कशी आवरायची, भांडण न करता, हळूहळू मागे ओढत, हे तो रोज करतो. बीटमॅचिंगमध्ये जॉग व्हीलवरच्या, म्हणजे गाणं पुढेमागे ढकलणाऱ्या चकतीवरच्या, बोटाचं काम याहून वेगळं नाही. गंमत अशी की त्याच गावात पखवाज शिकणाऱ्याला पाच वर्षं दिली जातात. नुसता ठेका घोटत बसला तरी ‘साधना करतोय’ म्हणतात. मिक्सरवर घोटत बसलेल्याला टवाळ म्हणतात.

या विद्येच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक प्रश्न टाळू नये: नाचणाऱ्यांना यातलं काही कळतं का? तोंडाने सांगता येणार नाही, हे खरं. पण फेर धरून नाचणारी माणसं गाणं बदलताना काय करतात ते बघा. ठेका बसून आला तर फेर तसाच फिरतो. नाही बसला तर पाय थांबतात, दोघेतिघे पाणी प्यायला जातात, एखादा मोबाइल काढतो, आणि मोडलेला फेर जमवायला ऑपरेटरला माइक हातात घ्यावा लागतो. सायरन, नवरदेवाच्या मित्रांची नावं, ‘आवाज कुठाय’, आणि त्याबरोबर मास्टरची कळ आणखी वर. माझं मत असं की हळदीतला बराचसा गोंगाट हा सांध्यांवर घातलेला लेप असतो. ज्याला दोन गाणी जोडता येत नाहीत तो फट आवाजाने बुजवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये त्यावर सविस्तर निकाल दिला आहे. पोलीस येतात, मशीन बंद होतं, पुढच्या गल्लीत सुरू होतं. चांगल्या ऑपरेटरमुळे आवाज आपोआप कमी होईल असा माझा दावा नाही. बेस किती हे विचारणारे यजमान बदललेले नाहीत. पण आवाज वाढवण्याचं एक कारण तरी कमी होईल.

सरावात जमलं आणि हळदीत फसलं, असंही होतं. त्याला घाबरलेपणाशिवाय भौतिक कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. स्पीकरच्या खोक्यांची भिंत मिक्सरपासून १७ मीटरवर असेल तर तिचा ठोका ऑपरेटरच्या कानात ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, हेडफोनमधला मात्र तत्काळ. त्याने कानाने अचूक जुळवलं की लोकांसमोर ते चुकीचं पडतं. शहरातल्या क्लबात म्हणूनच ऑपरेटरच्या शेजारी त्याच्यापुरता एक लहान स्पीकर असतो. आपल्याकडे अंगणाच्या टोकाला भिंत, ओट्यावर टेबल, आणि त्या स्पीकरवर कोणी पैसे घालत नाही. तो नसेल तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच एकत्र ऐकून जुळवायची, बाहेरच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. ही युक्ती अनुभवी माणूस दोन मिनिटांत शिकवू शकतो. पण शिकवण्याची पद्धतच नाही. नवा पोरगा पहिले दोन हंगाम खोकी उचलतो, वायरी गुंडाळतो, गाडीत सामानावर झोपतो. मिक्सरला हात लागतो तो मालक जेवायला गेल्यावर.

सराव कधी करायचा, याचं उत्तर पंचांगातच आहे. आषाढी ते तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत. मधे दहीहंडी, गणपती, नवरात्र एवढंच. सुरुवातीचे दिवस भाताच्या आवणीत जातात. त्यानंतर हात मोकळे असतात आणि संध्याकाळी लांब असतात. वीज जाते, हा भातसा-तानसाचं पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्याचा नेहमीचा अनुभव. पण गाणी जुळवायचा कंट्रोलर आणि लॅपटॉप यांना खोक्यांसारखा जनरेटर लागत नाही, हेडफोनवर शेजाऱ्याची झोपही मोडत नाही. फक्त ते सामान याच महिन्यांत मालकाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कुलूपबंद असतं.

एक जुना कंट्रोलर पोरांच्या हवाली करा म्हटलं की मालक सांगतात, हाताळून बिघडवतील. जो कंट्रोलर मे महिन्यात धुळीत, हळदीच्या हातांनी, नाचणाऱ्यांचे धक्के खात पहाटेपर्यंत चालतो, तो भाद्रपदात ओसरीवर बसलेल्या एका पोराने बिघडेल, हे मला कोणी समजावून सांगावं.