निर्णय कुणाचा?

परदेशात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या मनात एक भीती कायम घर करून असते, ती रात्री अवेळी वाजणाऱ्या भारतातल्या फोनची. माझ्या वाट्याला तो फोन आलाच नाही. जे घडलं ते इथेच, शारजात, माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

2023 च्या जानेवारीत बाबा थंडीचे दोन महिने नातवंडांबरोबर काढायला आले होते. वय 76, निवृत्त मुख्याध्यापक. रोज संध्याकाळी खालिद लगूनच्या काठाने फेरी ठरलेली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना दम लागू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रक्त तपासलं, मग अस्थिमज्जा तपासली. निदान झालं, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, आणि तोही झपाट्याने वाढणारा.

डॉक्टर कॉटजवळ येऊन बोलू लागले तेव्हा मी त्यांना घाईघाईने इंग्रजीत सांगितलं, "प्लीज, त्यांच्यासमोर नको." बाबा छताकडे पाहत राहिले. रात्री मी उशी नीट करत असताना शांतपणे म्हणाले, "अरे, तीस वर्षं मी इंग्रजीच शिकवलं."

त्या एका वाक्याने मला जी लाज वाटली, तीच या लेखामागे आहे.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला असा आजार झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, सांगायचं की नाही? पुण्याची बहीण म्हणाली, "सांगू नकोस, खचतील." यात वाईट हेतू नसतो. इथला 2016 चा वैद्यकीय जबाबदारीचा कायदाही रुग्णाला आजाराचं स्वरूप सांगण्याचं कर्तव्य डॉक्टरांवर टाकतो, पण रुग्णाची मनःस्थिती तशी नसेल तर अपवादाला वाव ठेवतो. प्रश्न असा की, ही मनःस्थिती कोण ठरवणार? मी तर बाबांना न विचारताच ती ठरवून मोकळा झालो होतो.

या आजारात हा प्रश्न जास्तच टोकदार होतो, कारण उपचाराचा मार्ग एक नाही. 1970 च्या दशकापासून चालत आलेली जोरदार केमोथेरपी म्हणजे सात दिवस एक औषध आणि त्यातले तीन दिवस सोबत दुसरं. त्यानंतर पेशी पुन्हा भरून येईपर्यंत साधारण महिनाभर रुग्णालयात. तरुण शरीर ते पुष्कळदा झेलतं. पंचाहत्तरीच्या शरीराला रोगाइतकाच उपचारही भारी पडू शकतो.

दुसरा मार्ग सौम्य. ॲझासायटिडिनची इंजेक्शनं दर 28 दिवसांत सात दिवस आणि जोडीला व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जोरदार केमो न झेपणारे 431 रुग्ण होते, बहुतेक वृद्ध. दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी निम्मे 14.7 महिन्यांहून अधिक जगले. एकट्या ॲझासायटिडिनवर हाच आकडा 9.6 महिने होता. म्हणजे मिळाले ते काही महिने. त्यांची किंमतही असते. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, रक्त आणि प्लेटलेट्स वारंवार चढवावे लागतात, महिन्यातले कितीतरी दिवस रुग्णालयाच्या खुर्चीत जातात. तिसरा मार्ग म्हणजे फक्त त्रास कमी ठेवणं.

यातला कोणता मार्ग योग्य, हे रक्ताच्या रिपोर्टवरून पूर्ण ठरत नाही. मिळणारे महिने कशासाठी हवेत, हे ठाऊक असावं लागतं. आणि ते फक्त त्या माणसालाच ठाऊक असतं.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांना 2004 मध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी रक्ताचा विकार झाला आणि तो याच ल्युकेमियात बदलला. त्यांनी अस्थिमज्जेचं रोपणही करून घेतलं. मरणाचा विषय त्यांना नको होता, जगायचंच होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. मुलगा डेव्हिड रीफ याने आईचा कल पाहून आशेचीच भाषा बोलली, पण नीट निरोप घेता आला नाही याची खंत 2008 च्या पुस्तकात मांडली. तरी मला वाटतं, त्याचं वागणं माझ्याहून बरं होतं. आईला काय हवंय हे त्याला माहीत होतं. मी मात्र स्वतःच्या भीतीला बाबांची भीती समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" ते म्हणाले, "सगळं. पण एकदम नको." मग तीन दिवस थोडं थोडं बोललो. त्यांनी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. घरी किती दिवस राहता येईल? आणि मध्येच थांबवता येईल का? मला त्यांना इथेच ठेवून, कर्ज काढून, सर्वांत जोरदार उपचार द्यायचे होते. खरं सांगायचं तर वीस वर्षं दूर राहिल्याचं ओझं मला एका महिन्यात फेडायचं होतं. त्यांनी सौम्य उपचार निवडले, तेही पुण्यात, स्वतःच्या घरी राहून.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेलं आणि 2023 मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्रही त्यांनी लिहून ठेवलं. दोन साक्षीदार आणि नोटरी, एवढ्यात काम झालं. पाच सायकली झाल्या. मधले तीन महिने चांगले गेले. गच्चीवरच्या कुंड्या त्यांनी पुन्हा भरल्या. सहाव्या सायकलीआधी म्हणाले, "आता पुरे." बहीण रडली. मीही आणखी एकदा आग्रह केला, नाही असं नाही. त्यांनी फक्त हात वर केला, वर्गात गोंगाट थांबवायला करत तसा. गणपती बसले, उठले आणि त्यानंतर आठवड्याने बाबा गेले.

आणखी दोन सायकली घेतल्या असत्या तर, हा प्रश्न मला अजूनही रात्री जागा ठेवतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ते ठरवणं माझं काम नव्हतं, एवढं मला पटलं आहे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील यंदाच्या थंडीतही इथे येतील. मंडळाच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसतील. ते धडधाकट असताना, चहाच्या वेळी, एकदा त्यांना विचारून पाहा. अवघडल्यासारखं होईल, पण कॉटजवळ परक्या भाषेत कुजबुजण्याइतकं नाही.