मत दिलंय, म्हणूनच विचारायचं

नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं. लाडक्या बहिणींना १,५०० ऐवजी २,१०० रुपये आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी, असे शब्द प्रचारात दिले गेले होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात वाढीव रकमेची तरतूद झाली नाही. कुणी त्याबद्दल विचारलं की समर्थकच अंगावर येतात: ‘विश्वास ठेवून मत दिलंत ना? मग पाच वर्षं थांबा की!’ दुसऱ्या राज्यांत दुसऱ्या पक्षांचे समर्थकही हेच बोलतात. ज्याने आशेने मत दिलं त्याने गप्प बसावं, ही समजूत मला घातक वाटते. ती फारशी जुनीही नाही.

प्रतिनिधी स्वतःच्या विवेकाने चालेल, मतदारांच्या हुकमाने नाही, असं ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना ठणकावलं. साठ वर्षांनी पंतप्रधान रॉबर्ट पीलने कार्यक्रम मतदारांपुढे मांडणारा टॅमवर्थचा जाहीरनामा काढला. इंग्लंडात हा प्रवास असा विवेकाकडून दिलेल्या शब्दाकडे झाला. आपल्याकडे मतदाराला दिलेल्या शब्दाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत.

कोकणातला खोत सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि कुळाच्या खळ्यावरचं धान्यही उचलून न्यायचा. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ पासून कुळांनी जमिनी कसायचंच सोडलं होतं. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने शेतकऱ्याला या जाचातून सोडवण्याचा शब्द दिला. सत्ता काँग्रेसला मिळाली, बाळासाहेब खेर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. आपण विरोधात बसलो, आता शब्द कसला, असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करणारं विधेयक विधिमंडळात मांडलं. ते पुढे सरकेना, तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले आणि खेरांसमोर मागण्या ठेवल्या. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडलं. म्हणजे थांबावं लागलंच. पण ही माणसं मागत मागत थांबली. त्यांची आशाच त्यांना मुंबईपर्यंत घेऊन आली होती.

मग आशा आणि मागणी यांचं हे नातं बिघडलं कधी? बहुतेक जण १९७१ कडे बोट दाखवतात आणि म्हणतात, ‘गरिबी हटाव’पासून पोकळ घोषणांचं युग सुरू झालं. वर्ष बरोबर आहे, निदान चुकलेलं आहे. त्या निवडणुकीतले नेमके, मोजता येतील असे शब्द पाळले गेले. संस्थानिकांचे तनखे त्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. बिघडलं ते वेगळंच. १९६९ च्या फुटीत काँग्रेसची जुनी संघटना मोडली. लोकसभेची निवडणूक वर्षभर आधी, विधानसभांपासून तोडून घेतली गेली. त्यामुळे गावचा उमेदवार कोण, त्याने काय कबूल केलं, याला अर्थ उरला नाही. ३५२ जागा आल्या त्या इंदिरा गांधी या एका व्यक्तीच्या नावावर. शब्द पक्षाच्या कार्यक्रमातून निघाला आणि नेत्याच्या व्यक्तिमत्त्वात जाऊन बसला. कार्यक्रमाचा हिशेब मागता येतो. व्यक्तीकडे हिशेब मागितला की तो अविश्वास ठरतो.

याची झळ पहिल्यांदा आपल्याच माणसांना लागली. मोहन धारिया त्याच लाटेत पुण्यातून निवडून आले आणि राज्यमंत्री झाले. गरिबी हटवण्याच्या कार्यक्रमावर त्यांची मनापासून निष्ठा होती. महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्याशी बोला, एवढंच ते म्हणाले. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आलं. आशा ठेवणारा आणि प्रश्न विचारणारा एकच माणूस असू शकतो, हे त्या सत्तेला पटेनासं झालं होतं. आजचे समर्थक नकळत तीच भाषा बोलतात, मग त्यांचा पक्ष इंदिराबाईंचा कट्टर विरोधक का असेना.

याच काळात महाराष्ट्राने दुसरी वाटही दाखवली, आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर सरकारने भत्ता द्यायचा. खडी फोडणाऱ्या बाईला मुख्यमंत्र्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरली नाही. तिच्या हातात अर्ज होता, समोर मुदत होती.

२,१०० च्या शब्दाला अशी मुदत नाही. मतदारांचा विश्वास पाळता येतील अशाच आश्वासनांवर मागावा आणि पैसा कुठून उभा करणार तेही ढोबळमानाने सांगावं, असं निवडणूक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ पासून सांगतात. २०२५-२६ साठी लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवले गेले. त्याच हिशेबाने २,१०० द्यायचे तर ५० हजार कोटींच्या वर लागतील. मधले १४ हजार कोटी कुठून येणार आणि कोणत्या महिन्यापासून, हे विरोधकांनी विचारलं की राजकारण म्हणून झटकता येतं. महायुतीला मत दिलेल्या बायकांनी विचारलं तर झटकता येणार नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर दरवर्षी मोर्चे येतात. एक मोर्चा त्यांचा निघावा, त्याच पक्षांचे झेंडे हातात घेऊन.