दोष कोणाच्या माथीं?

दोष जेथें दिसतो तेथेंच तो असतो काय, हा प्रश्न तर्कशास्त्राचा म्हणून शिकविला जातो. परंतु तो नीतिशास्त्राचाहि आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. ह्या विचाराचें निमित्त मात्र अगदीं क्षुल्लक, म्हणजे आमची पंधरा वर्षांची जुनी मोटार. तिच्या स्टिअरिंगच्या चाकावर रेडिओचीं बटणें आहेत. रस्त्यावरची दृष्टि न ढळूं देतां आवाज कमीअधिक करावा, गाणें बदलावें, हा त्यांचा हेतु. एके दिवशीं आवाज वाढविण्याचें बटण दाबतां गाणेंच बदलूं लागलें, आणि थोड्याच दिवसांत सर्व बटणें मुकीं झालीं.

आम्हीं तत्काळ रेडिओस अपराधी ठरविलें. तो जुना होता, समोर होता, आणि आज्ञा न ऐकणारा तोच होता. एवढा पुरावा आम्हांस पुरेसा वाटला. नवा रेडिओ आणून बसविला, त्यास बटणांची ओळख करून देण्याचा विधि यथासांग केला; बटणें मुकीं तीं मुकींच.

तेव्हां कोठें आम्ही त्या यंत्राची रचना समजून घेण्यास प्रवृत्त झालों. अशा अनेक जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणास निराळी तार नसते. एकाच तारेवर प्रत्येक बटण निराळा विद्युत्-रोध घालतें, आणि त्यामुळें बदलणाऱ्या विद्युद्दाबावरून कोणतें बटण दाबलें हें रेडिओ ओळखतो. वाटेंत कोठें मळ सांचला किंवा तार झिजली, म्हणजे रोध वाढतो, आणि एका बटणाचा निरोप दुसऱ्याच्या नांवानें पोंचतो. बिचाऱ्या रेडिओनें कानीं आलें तेंच खरें मानलें होतें! शिवाय चाक फिरतें आणि गाडींतील तारा स्थिर असतात. म्हणून ह्या दोहोंमध्यें घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी फीत असते. कारागीर तिला क्लॉक-स्प्रिंग म्हणतात. वर्षानुवर्षें उलगडून व गुंडाळून ती तडकते. आणि भोंग्याची तार, तसेंच अपघातांत चालकाचा जीव वांचविणाऱ्या एअरबॅगची तारहि, याच फितींतून जाते.

नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक व मिलनें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत मांडलेल्या शोधपद्धति आम्ही पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. त्या येथें लावण्यास एक घटकाहि पुरली असती. एकच बटण बिघडलें, तर संशय त्या बटणावर. सर्व बटणें बंद, पण भोंगा व एअरबॅग ठीक, तर रेडिओकडील जोडणीवर. आणि वळण घेतांना भोंगाहि मधूनच बंद पडत असेल व एअरबॅगचा दिवा पेटला असेल, तर सर्वांस समान अशा फितीवर. आमचा भोंगा दोन महिने अडखळत होता. तो दिवाहि तितकेच दिवस जळत होता. आम्हीं तें पाहिलें होतें, पण ‘जुनी गाडी, चालायचेंच’ म्हणून सोडून दिलें होतें. त्या दोन महिन्यांत त्या आसनावर बसून आमची कन्याहि गाडी चालवीत होती. अखेर कारागिरानें बॅटरी सोडवून, नेमलेला वेळ थांबून, एअरबॅगच्या तारांस मापक यंत्र न लावतां केवळ बटणांच्या तारा तपासल्या. चाकाकडे माप बरोबर. फितीपलीकडे मात्र चाक फिरवितांच तें ढळे. निदान निश्चित झालें.

याच सुमारास गाडी विकण्याचें ठरलें होतें. एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं, नव्या फितीचा खर्च कशास? तो दिवा तेवढा मालवून टाकावा. घेणारा पुढचें पाहून घेईल. ही सूचना आम्हीं ऐकतांक्षणींच झिडकारली, असें लिहिणें गोड वाटेल, पण तें खरें नाहीं. एक रात्र ती आमच्या मनांत राहिली. त्या रात्रीं आम्हांस तीन पायऱ्या स्पष्ट दिसल्या. रेडिओस दोष दिला तें अज्ञान होतें. त्यानें आमचे पैसे गेले. जळत्या दिव्याकडे दोन महिने पाठ फिरविली ती उपेक्षा. तिनें आमच्या मुलीचा जीव टांगणीस लावला. आतां दिवा मालविणें हें कपट झालें असतें, आणि त्याची किंमत एखाद्या अपरिचितानें मोजली असती.

कोणी म्हणतील, अज्ञान क्षम्य आहे, कपट तेवढें निंद्य. परंतु मधली पायरी विसरतां येत नाहीं. ज्यास जाणून घेतां येत होतें त्यानें जाणलें नाहीं, तर तें अज्ञान निर्दोष कसें? आणि दुसऱ्यावर घाईनें दोष ठेवणें हें याच उपेक्षेचें प्रतिष्ठित रूप नव्हे काय? अपराधी सांपडला असें एकदां मनानें घेतलें, कीं शोध थांबतो, आणि खरा दोष निर्धास्तपणें वाढत राहतो. म्हणून दोषाचें नीट निदान करणें ही केवळ कारागिराची हुशारी नव्हे. तें प्रत्येकाचें कर्तव्य आहे, असें आमचें मत झालें आहे.

नवी फीत बसविली, बिघाडाची नोंद पुसल्यावर दिवा विझला, आणि घेणाऱ्यास सर्व हकीकत सांगितली. गाडी देण्यापूर्वीं कुतूहलानें जुनाच रेडिओ पुन्हा जोडून पाहिला. बटणांची प्रत्येक आज्ञा त्यानें बिनचूक ऐकली. आम्हांस मात्र त्याच्याकडे पाहतांना ओशाळल्यासारखें झालें.