यंत्राच्या प्रत्यक्षाचे प्रामाण्य

ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरूनच कळते, की ते ठरवण्यासाठी दुसऱ्या ज्ञानाची गरज लागते, हा भारतीय दर्शनांतील प्रामाण्यवादाचा मूळ प्रश्न आहे. मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते ज्ञान उत्पन्न होते ते प्रमाण म्हणूनच, आणि बाधक कारण पुढे येईपर्यंत त्यावर विसंबणे युक्त असते. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात. ज्ञानाचे खरेपण त्याच्या बाहेरच्या कशावरून तरी, मुख्यतः त्याला धरून केलेली कृती सफळ झाली यावरून, ठरते असे ते म्हणतात. हा वाद माणसाच्या ज्ञानाविषयी, आणि मीमांसकांच्या बाबतीत विशेषेकरून वेदवाक्याविषयी, झाला. परंतु ज्या ठिकाणी आज तो केवळ ग्रंथात न राहता व्यवहारात सोडवावा लागतो, त्यांपैकी एक म्हणजे उजेड आणि समीपता ओळखणाऱ्या सेन्सरच्या ड्रायव्हरची तपासणी.

कर्नल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गाभ्याला एखादे विशिष्ट उपकरण हाताळता यावे म्हणून लिहिलेला प्रोग्रॅमचा भाग. लिनक्स कर्नलमध्ये अशा मापक उपकरणांसाठी ‘इंडस्ट्रियल आय-ओ’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात प्रकाशाच्या सेन्सरांना वेगळी जागा आहे. विशे कंपनीची व्हीसीएनएल ४००० ही चिप त्यांपैकीच. ती सभोवारचा उजेड मोजते आणि समोर एखादी वस्तू जवळ आली आहे का हेही सांगते. कॉल चालू असताना फोन कानाशी नेला की पडदा मालवतो, तो अशाच सेन्सरच्या सांगण्यावरून. ड्रायव्हर चिपच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या स्मृतिकप्प्यात, मोजणीची आज्ञा लिहितो, मोजणी पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबून थांबून ठरावीक वेळा पाहतो, तरीही खूण न दिसल्यास त्रुटी कळवतो, आणि दिसल्यास दोन बाइट वाचून त्यांची एक संख्या करतो. दोन बाइटांचा क्रम उलटला तर २५८ चे ५१३ होतात. असे दोष सहसा लवकर सापडतात.

खोल दोष त्रुटीच्या वाटेवर असतात. कर्नलमध्ये वाचन फसले की ऋण संख्या परत येते. देवघेवीतील बिघाडाची संख्या उणे ५ आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ती न तपासता सोळा बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवली, तर तिचे ६५५३१ होतात. या चिपच्या ड्रायव्हरमध्ये एका एककाचे मोल ०.२५ लक्स धरलेले आहे. त्या हिशेबाने न झालेल्या मोजणीतून सोळा हजारांहून अधिक लक्सचा, म्हणजे उघड्यावरच्या दिवसाच्या तोडीचा, उजेड निर्माण होतो. याउलट कोणी बिघाडाच्या वेळी निमूटपणे शून्य परत केले, तर वरच्या प्रोग्रॅमला काळोख दिसतो. पहिल्या चुकीला न्यायशास्त्र विपर्यय म्हणेल, म्हणजे जे नाही ते आहे असे निश्चयाने भासणे. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्यापाशी थांबणे आवश्यक आहे.

मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण मानले. जमिनीवर घट नाही हे ज्ञान घट न दिसण्यातून होते. परंतु तेथे एक अट आहे. घट असता तर तो दिसला असता, इतकी दिसण्याची सर्व सामग्री हजर असली पाहिजे. भाट्ट परंपरा हिला योग्यानुपलब्धी म्हणते. डोळे मिटलेल्या माणसाला घट दिसला नाही, यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाही. सेन्सरने मोजले आणि शून्य आले, ही योग्य अनुपलब्धी. सेन्सरशी बोलणेच झाले नाही आणि शून्य आले, ही केवळ न दिसण्याची अवस्था, जिच्यातून कोणतेही ज्ञान निघत नाही. दोन्हींचे चिन्ह एकच ठेवणारा ड्रायव्हर, अभाव आणि अज्ञान यांतला भेद पुसून टाकतो. तम हा केवळ तेजाचा अभाव की स्वतंत्र द्रव्य, यावर वैशेषिक आणि भाट्ट मीमांसक यांचे एकमत नाही. पण काळोख पाहणे आणि मुळीच न पाहणे या गोष्टी भिन्न आहेत, हे दोघांनाही मान्य व्हावे. तपासणाऱ्याने प्रत्येक परतमूल्याची चौकशी करण्याचा जो आग्रह धरावा, त्याचे खरे कारण हेच आहे. त्याला नीटनेटकेपणाची हौस समजणे अन्यायाचे होईल.

समीपतेचा भाग याहून वेगळा प्रश्न उभा करतो. नैयायिकांच्या मते डोळा प्राप्यकारी आहे, म्हणजे त्यातून तेजाचे किरण बाहेर पडून वस्तूला भिडतात आणि मगच ती दिसते. न्यायसूत्रांत याच्या पुष्ट्यर्थ रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतील किरणांचा दाखला दिलेला आहे. बौद्ध आणि जैन आचार्यांनी हे नाकारले, आणि माणसाच्या डोळ्यापुरते आधुनिक प्रकाशशास्त्रही त्या नकाराच्या बाजूने उभे आहे. समीपतेचा सेन्सर मात्र खरोखरच प्राप्यकारी आहे: तो अवरक्त प्रकाश स्वतः बाहेर टाकतो आणि वस्तूवरून परतलेला अंश मोजतो. असे असूनही त्याला अंतर कळत नाही. परतणारा प्रकाश वस्तू किती जवळ आहे यावर जसा अवलंबून असतो, तसाच ती किती परावर्तक आहे यावरही. काळ्या, प्रकाश शोषणाऱ्या पृष्ठभागाकडून जवळ असतानाही कमी प्रकाश परततो. कर्नलच्या दस्तऐवजात म्हणूनच नमूद आहे की असे सेन्सर बहुधा एककरहित असतात आणि त्यांची संख्या प्रमाणित एककात आणणे शक्य नसते. मोठी संख्या म्हणजे अधिक जवळ, एवढेच त्यातून समजावे. वस्तूला स्पर्शून आलेले ज्ञानही स्वतःहून अधिक बोलू लागले की खोटे होते, आणि एखाद्या ड्रायव्हरने अशा संख्येला मीटरचे रूप दिले असेल तर तपासणाऱ्याने ते अडवलेच पाहिजे.

येथे तपासणाऱ्याच्या स्वतःच्या ज्ञानाचा प्रश्न येतो. पुष्कळदा त्याच्यापाशी ती चिप नसते. त्याच्यापुढे असतो तो पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, आणि निर्मात्याची डेटाशीट, म्हणजे चिपचे वर्णन करणारा अधिकृत दस्तऐवज. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे, म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे, लक्षण सांगताना वस्तूचा साक्षात्कार आणि ती जशी आहे तशी सांगण्याची इच्छा या दोन गोष्टी मागितल्या. डेटाशीटवर विश्वास ठेवणे हे या अर्थाने शब्दप्रमाण होय. शब्द आणि अनुमान एवढ्यावर काम करणारा हा माणूस, उपकरण समोर ठेवून बसलेल्या लेखकाला न दिसलेले दोष पकडतो, कारण लेखकाचा अनुभव बहुतांशी चिप नीट चालत असतानाचा असतो, तर वाचणारा ती न चालण्याच्या वाटाही तितक्याच लक्षपूर्वक चालून पाहतो.

कर्नलच्या नियमांत या दोन भूमिकांसाठी दोन वेगळ्या नोंदी आहेत, ही गोष्ट प्रामाण्यवादाच्या दृष्टीने मोलाची आहे. ‘टेस्टेड-बाय’ ही नोंद बदल प्रत्यक्ष चालवून पाहिल्याची. नैयायिक ज्याला प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे कृतीचे साफल्य, म्हणतात तेच तिचे बळ. ‘रिव्ह्यूड-बाय’ या नोंदीमागे एक लिखित निवेदन आहे, आणि त्यात तपासणारा असे म्हणतो की हा बदल स्वीकारण्याजोगा असून त्याच्या आड यावा असा ज्ञात दोष त्यात नाही. मात्र तो प्रत्येक परिस्थितीत बरोबर चालेलच अशी हमी तो देत नाही. ही भाषा मीमांसेच्या अगदी निकटची आहे. तेथे ज्ञान बाधित होण्याची कारणे दोनच: ज्या कारणातून ते उपजले त्यात दोष असल्याचे कळणे, किंवा विरोधी ज्ञान उत्पन्न होणे. तपासणी म्हणजे कारणदोषाचा शोध, आणि तो प्रामाणिकपणे करूनही दोष न सापडल्यास विसंबण्याचा अधिकार प्राप्त होतो. तपासणाऱ्याची तपासणी कोणी करावी, आणि त्या दुसऱ्याची कोणी, ही अनवस्था, म्हणजे कोठेही न थांबणारी साखळी, परतःप्रामाण्यवाद्याला छळते. कुमारिलांनी श्लोकवार्तिकात तिला उत्तर देताना तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज नाही असे सांगितले. नैयायिकाच्या कसोटीची व्यवहारात गरज राहतेच, पण चाललेल्या यंत्राने न चाललेल्या वाटांविषयी काहीच सिद्ध होत नसल्यामुळे, या क्षेत्रात कुमारिलांची भूमिका अधिक सयुक्तिक ठरते.

त्या भूमिकेत नंतर येणाऱ्या बाधालाही जागा आहे. स्वीकारलेल्या ड्रायव्हरमध्ये पुढे दोष उघड झाला, तर दुरुस्तीच्या पॅचमध्ये ‘फिक्सेस’ अशी ओळ लिहिली जाते, आणि तिच्यात ज्या जुन्या बदलातून तो दोष आला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे व त्याचे शीर्षक देतात. जुना बदल, त्यावरील तपासणाऱ्याच्या नावासह, इतिहासात तसाच राहतो.