मधुमतीचें दान

संजाण म्हटलें कीं गिरगांवांतील वाचकास पारशांचें आगमन आठवतें. परंतु त्याच संजाणावर दहाव्या शतकाच्या आरंभीं राष्ट्रकूटांच्या वतीनें एक अरब अंमल करीत होता, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें १९५५ सालीं सांपडलेल्या ताम्रपटांत त्याचा वृत्तांत आहे. जातीनें तो ताजिक, म्हणजे अरब (ज्योतिषांतील ‘ताजिक’ हा शब्द त्याच कुळांतला). त्याचें नांव मधुमति. पंडितांच्या मतें हें ‘महंमद’चेंच संस्कृत रूप.

दुसऱ्या कृष्णराजानें त्याजकडे संजाण मंडळ सोंपविलें. त्यानें आसपासच्या बंदरांचे नायक जिंकून तेथें आपले अधिकारी बसविले. उतारूंसाठीं फुकट होड्या ठेविल्या. संजाणांत अन्नसत्र घातलें, तेथें साळीचा भात, कालवणें आणि तूप विनामूल्य मिळे. पुढें शके ८४८ मध्यें (इ. स. ९२६) तिसऱ्या इंद्राच्या अनुज्ञेनें, एका ब्राह्मणानें बांधलेल्या देवीच्या मठिकेस त्यानें एक गांव व कांहीं जमीन दिली. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचें भोजन यांसाठीं हें दान होतें.

वर्गांत ही हकीकत सांगितली कीं एक प्रश्न हटकून येतो: हा धर्म कीं धोरण? प्रश्न रास्त आहे. वाहतूक वाढली तर बंदराचा लाभ, ब्राह्मण संतुष्ट तर कारभार सुरळीत, हें त्या चतुर पुरुषास कळत नव्हतें असें कोण म्हणेल? शिवाय ही स्तुति त्याच्याच दानपत्रांतली. दात्याचे दोष त्यांत कोण कोरणार?

तथापि हेतु हुडकण्याचा हा हव्यास मला अपुरा वाटतो. हेतूचा हिशेब दात्यानें आपल्या ईश्वरापाशीं द्यावा. भर पावसाळ्यांत पैलतीरीं खोळंबलेल्या वाटसरूस होडी हवी असते. आणि आपण ज्या गुणास मोठ्या कौतुकानें सहिष्णुता म्हणतों, तो शब्दहि येथें तोकडा पडतो. सहिष्णुता म्हणजे सोसणें. जी देवता आपली नव्हे तिच्या नैवेद्याची तजवीज करणें, हें नुसतें सोसणें नव्हे. तें करतांना त्याच्या मनास कांहीं बोचलें असेल काय? ताम्रपट त्याविषयीं मुका आहे. बोचलें असल्यास माझ्या लेखीं त्या दानाची किंमत वाढते.

मात्र बंदरांतील लढाया या पुण्याईनें धुऊन निघाल्या, असें मी म्हणणार नाहीं. त्या जिंकलेल्या नायकांचीं मुलें कधीं संजाणच्या सत्रांत जेवायला बसलीं असतील काय, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.