उपरेपणाची नीती

‘उपरा’ हा शब्द विशेषणासारखा वापरला जात असला, तरी वस्तुतः तो एक निवाडा असतो. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची चर्चा बहुतांशी अनुभवाची दाहकता आणि भाषेचे वेगळेपण या अंगांनी झाली. शीर्षकात दडलेला नैतिक प्रश्न मात्र मागे राहिला : आधी येऊन वसलेल्याला नंतर येणाऱ्यावर अधिकार कशामुळे प्राप्त होतो?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कृतीऐवजी जन्माला गुन्हा ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाऊन, नाचून वा भविष्य सांगून भिक्षा मागणेही दंडनीय ठरवले. आपल्या विद्यापीठांतून वासुदेव, गोंधळी, नाथपंथी यांची गीते लोकसाहित्य म्हणून शिकवली जातात. म्हणजे गीत हा वारसा आणि गाणारा मात्र संशयित, असा हा विपरीत न्याय आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून, मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. या न्यायाचे टोक ते हेच.

अनोळखी माणसाची विचारपूस करण्याचा गावाला हक्क नाही काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो उडवून लावण्यासारखा नाही. पाणी, काम, जागा यांची टंचाई खरी असते. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिपुत्रवादालाही नोकऱ्यांच्या टंचाईचाच आधार होता. तथापि, विचारण्याच्या हक्काबरोबर उत्तर ऐकून घेण्याचे बंधनही येते. उत्तराआधीच निवाडा झालेला असेल, तर प्रश्न हा केवळ आरोपाचा मुखवटा ठरतो.

शिवाय उपरेपण हा कोणाचा गुणधर्म नव्हे, ते एक नाते आहे. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावातून पाहिले की हे विशेष स्पष्ट दिसते. पालावरच्या माणसाला ‘कुठला रे तू?’ असे दरडावणारा या भागातील शेतकरी वा मजूर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोपीत राहतो आणि तोच प्रश्न स्वतः ऐकतो. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणूस हत्याराच्या नावाने मोजला गेला की त्याचे गाव, नाव, गाणे यांची दखल घेण्याचे कारणच उरत नाही.

तेव्हा भटक्यांच्या साहित्याकडे केवळ ‘वेगळ्या अनुभवाचे साहित्य’ म्हणून पाहणे अपुरे आहे. वेगळे कोणापासून, हे आपण गृहीत धरतो. आणि त्या गृहीतात गावकुसाच्या आतला वाचक हाच प्रमाण मानलेला असतो. समीक्षेने प्रथम हे प्रमाणच तपासावयास हवे.